आपला उजेड, दुसऱ्याचा अंधार

सायंकाळी सात-साडेसातच्या सुमारास भुसावळहून यावलकडे येणाऱ्या माणसाला तापीचा पूल ओलांडला की एका चमत्कारिक अनुभवास तोंड द्यावे लागते. रस्ता नित्याचा असतो, वाहन ठाकठीक असते, वेगही बेताचाच असतो. आणि तरीही समोरून एखादी मोटार किंवा मोटारसायकल आली की डोळ्यांपुढचा रस्ताच नाहीसा होतो. उरतो तो एक निळसर पांढरा गोळा. डांबराची कड कोठे संपते, कडेने कोणी चालत आहे काय, पुढे बैलगाडी आहे काय, यांपैकी काहीही कळेनासे होते. आपण डिपर देऊन समोरच्याला विनंती करतो. त्यावर तो क्षणभर आपला दिवा आणखी प्रखर करून दाखवितो. त्याचा अर्थ इतकाच की, 'बाबा रे, माझा दिवा आधीपासूनच खाली आहे. वरचा उजेड हवा असेल तर हा पाहा!'

या प्रश्नाचे बदललेले स्वरूप या एका प्रसंगात साठविलेले आहे. मालमोटारींच्या पाठीवर 'यूज डिपर ॲट नाइट' हे वाक्य रंगविण्याची प्रथा आपल्याकडे फार जुनी आहे. समोरच्या वाहनासाठी दिवा खाली करावा, ही रस्त्यावरील सभ्यतेची गोष्ट मानली गेली. ती सभ्यता सर्वांनी पाळली असे नव्हे. परंतु जो पाळी त्याच्या हातून दुसऱ्याला त्रास होत नसे. आज सभ्य माणूसही निरुपाय झाला आहे. त्याने बटण खाली दाबले तरी उजेड खाली जात नाही, कारण बाजारातून आणून बसविलेल्या त्याच्या नव्या बल्बाला वर आणि खाली यांतला भेदच नीटसा ठाऊक नाही. दोष वृत्तीचा होता तोवर उपदेशाने काही साधण्याची शक्यता होती. तो यंत्रात शिरल्यावर उपदेश कोणाला करावयाचा?

अर्थात, ज्यांनी असे बल्ब बसविले त्यांना एकदम गुन्हेगार ठरविणे न्यायाचे होणार नाही. त्यांची गरज खरी आहे. यावल-रावेर भागातील अर्थव्यवहाराचा मोठा हिस्सा सूर्यास्तानंतर चालतो. दिवसा कापलेली केळी संध्याकाळपर्यंत मालमोटारीत भरली जातात आणि रात्री उत्तरेच्या वाटेला लागतात. शेतीपंपांना वीज रात्रीच्या पाळीत मिळाली की शेतकऱ्याला मध्यरात्री अंथरूण सोडून मोटारसायकलने मळ्याकडे जावे लागते. भुसावळच्या रेल्वेत आणि दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रात पाळीवर काम करणारी माणसे आसपासच्या खेड्यांतून ये-जा करतात. दोहो बाजूंना केळीच्या बागा असल्या की चांदण्या रात्रीही रस्त्यावर अंधारच असतो. त्यात डांबराच्या कडा तुटलेल्या, मध्येच बसलेली जनावरे, आणि सातपुड्याच्या बाजूने उतरणारी रानडुकरे. जुन्या मोटारसायकलींचा दिवा तर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर मोठा-लहान होतो. खड्डा आला म्हणून वेग कमी करावा तर नेमका त्याच वेळी उजेडही मंदावतो. अशा माणसाला कोणी चार-पाचशे रुपयांत रात्रीचा दिवस करून देतो म्हटले, तर त्याने नाही का म्हणावे?

रात्रीच्या प्रवासात किती जीव पणाला लागलेले असतात हे या तालुक्याला निराळे सांगण्याचे कारण नाही. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर किनगावजवळ पपईने भरलेली मालमोटार उलटली आणि त्यावर बसून घराकडे परतणाऱ्या किमान पंधरा मजुरांचा अंत झाला. त्या अपघाताचे खापर दिव्यांवर फोडण्याचा येथे हेतू नाही. तो प्रश्न मालाबरोबर माणसे वाहून नेण्याचा होता. तथापि आपल्या रस्त्यांवर रात्री केवळ माल धावत नाही, मालाच्या ढिगावर माणसे झोपलेली असतात, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. दिवसाचे तीन-तीन तासांचे आठ भाग पाडले तर अपघातांची सर्वाधिक संख्या सायंकाळी सहा ते नऊ या भागात पडते, हे त्या अहवालांतून वर्षानुवर्षे दिसत आलेले आहे. याला गर्दी, थकवा आणि मद्य ही कारणे आहेतच. परंतु दिवे लावण्याची वेळही हीच.

या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला कोणत्या मार्गाने प्राप्त झाला हे सांगितलेले बरे. दोन वर्षांपूर्वी मीही माझ्या जुन्या मोटारीचे मूळचे पिवळसर बल्ब काढून त्या जागी पांढरे एल.ई.डी. बल्ब बसवून घेतले. दुकानदार म्हणाला, "सर, एकदा लावून तर पाहा, परत काढायला येणार नाही." आणि खरोखरच पहिले आठ दिवस मोठ्या समाधानात गेले. बोनटपुढची जमीन दुधाने सारवल्यासारखी उजळत असे. नवव्या की दहाव्या दिवशी मोटार घेऊन सौ. माहेरच्या कार्याला गेली होती आणि मी स्कूटरवरून फैजपूरहून परतत होतो. समोरून येणाऱ्या एका वाहनाने डोळे इतके दिपले की मी स्कूटर रस्त्याखाली उतरविली आणि त्या चालकाच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार करीत उभा राहिलो. वाहन जवळ येऊन थांबले. ते आमचेच होते. काय झाले म्हणून सौ.ने विचारले तेव्हा दिवा खालीच होता याची मी स्वतः खात्री करून घेतली. ती खात्री झाल्यावर बोलावयास काही उरले नाही.

वर्गात अर्थशास्त्र शिकविताना 'बाह्य परिणाम' ही संकल्पना समजावून सांगावी लागते. एखाद्याच्या व्यवहाराचा लाभ त्याला मिळतो, पण त्याच्या खर्चाचा काही भाग त्या व्यवहाराशी संबंध नसलेल्या तिसऱ्याच माणसाच्या माथी बसतो, अशी ती स्थिती. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू याने १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कल्याणविषयक ग्रंथात या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. पाठ्यपुस्तकांतून आपण उदाहरण देतो ते कारखान्याच्या धुराचे. यावलच्या विद्यार्थ्याला तो धूर लांबचा वाटतो. त्याच्यासाठी मोटारीचा दिवा हे अधिक नेटके उदाहरण आहे, असे मला त्या रात्रीपासून वाटू लागले. बल्ब मी विकत घेतला, उजेड मला मिळाला. परंतु त्याची खरी किंमत समोरून येणाऱ्याने मोजली, आणि तीही आपण काही विकत घेत आहोत याची कल्पना नसताना. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर तोडते. दिपलेले डोळे पूर्ववत व्हावयास तीनच सेकंद लागले असे धरले, तरी पन्नास मीटर रस्ता तो माणूस आंधळेपणाने कापतो. वय वाढते तसा हा अवधीही वाढत जातो. पन्नाशी-साठीतल्या माणसाला विशीतल्या तरुणापेक्षा सावरावयास अधिक वेळ लागतो, आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर विचारूच नये.

कारखान्याच्या धुराहून ही गोष्ट आणखी एका बाबतीत निराळी आहे. धुराने त्रासलेला शेजारी स्वतः दुसरा कारखाना काढून उलट धूर सोडीत नाही. दिव्यांच्या बाबतीत मात्र तेच घडते. आज ज्याचे डोळे दिपले तो उद्या दुकानात जातो आणि त्याहून प्रखर बल्ब मागतो. कुस्त्यांच्या दंगलीत पुढल्या रांगेतला एक गडी उठून उभा राहिला की मागच्या सर्वांना उभे राहावे लागते. कोणालाच अधिक दिसत नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतात. दिव्यांच्या चढाओढीत तर शेवटी सर्वांना आधीपेक्षाही कमी दिसते. येथे प्रत्येक जण आपापल्या परीने शहाणपणाने वागतो आहे, आणि त्या शहाणपणांची बेरीज मूर्खपणात होते आहे. बाजारावर सोडून सुटणाऱ्या प्रश्नांपैकी हा नव्हे.

आता बल्ब बदलल्याने नेमके काय बिघडते ते पाहू, कारण 'कंपनीच्या दिव्यात दम नसतो' या समजुतीत अर्धसत्य आहे. मोटारीचा पुढचा दिवा म्हणजे केवळ बल्ब नव्हे. बल्ब, त्यामागचा आरसा आणि पुढची काच यांचे ते मिळून एक प्रकाशयंत्र असते. एच-४ या नावाने ओळखला जाणारा, दोन तारांचा हॅलोजन बल्ब १९७१ पासून प्रचारात आला. त्यात वरच्या उजेडासाठी एक तार आणि खालच्या उजेडासाठी दुसरी तार असते; दुसरीच्या खाली पत्र्याची एक इवलीशी वाटी बसविलेली असते. तारेचे स्थान आरशाच्या केंद्राच्या हिशेबाने मिलिमीटरच्या अंशापर्यंत ठरविलेले असते. त्या वाटीमुळे आरशाचा खालचा भाग झाकला जातो आणि प्रकाशाला वरच्या बाजूस जणू धारदार कडा येते. कडेच्या खाली उजेड, वर अंधार. आपण डावीकडून वाहने चालवितो. म्हणून ही कडा डाव्या अंगाला थोडी वर चढविलेली असते, म्हणजे कडेने चालणारा माणूस लवकर दिसतो आणि उजवीकडून समोर येणाऱ्याचे डोळे वाचतात. अशी सगळी योजना एका बारीक तारेभोवती रचलेली असताना, त्या तारेच्या जागी दोन बाजूंना चकत्या लावलेला एल.ई.डी. बल्ब आणून खोचला तर काय होईल? प्रकाशाचा उगमच जागचा हलतो, कडा विस्कटते आणि उजेड नको तेथे उधळला जातो. बोनटपुढची जमीन फार उजळते, म्हणून चालकाला आपल्याला अधिक दिसते असे वाटते. प्रत्यक्षात जवळच्या लख्ख उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना लांबचे कमीच दिसते. शिवाय हा प्रकाश बहुधा निळसर असतो. उन्हाळ्यातील धुळीत आणि हिवाळ्यातील पहाटेच्या धुक्यात तो विखुरतो आणि पांढऱ्या पडद्यासारखा आपल्याच पुढ्यात उभा राहतो.

अधिक वॉटचा हॅलोजन बल्ब हा दुसरा प्रकार. मूळ एच-४ बल्ब ६०/५५ वॉटचा. बाजारात १००/९० वॉटचेही सर्रास मिळतात. बारा व्होल्टच्या मोटारीत ६० वॉटच्या बल्बाला ५ अँपिअर विद्युत्प्रवाह लागतो, १०० वॉटच्याला ८ अँपिअरहून अधिक. दोन्ही दिव्यांचा मिळून हा भार मूळच्या बारीक वायरींवर आणि बटणावर पडतो. वायरिंग तापते, होल्डर वितळतो, आरशाचा मुलामा करपून काळवंडतो. वर्षभराने तो दिवा मूळच्या बल्बाइतकाही उजेड देत नाही. आग लागली तर विमा कंपनीला हरकत घेण्यास आयतेच निमित्त मिळते, ते वेगळेच.

कायद्याची भूमिका या बाबतीत पुष्कळ स्पष्ट आहे, फक्त ती फारशी कोणाला ठाऊक नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०६ वा नियम पुढच्या दिव्यांच्या झोताविषयी आहे. दिव्यापासून आठ मीटर अंतरावर, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा माणसास दिपवील असा झोत असू नये. असल्यास तो चालकाला खाली वळविता आला पाहिजे, असा त्याचा आशय आहे. दीड मीटर म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. सायकलवरील शाळकरी मुलीचे डोळे त्याहून खाली असतात, आणि बैलाचेही. नियम करणाऱ्यांपुढे ती चित्रे नसावीत. १११ वा नियम नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून, आणि तीही अपवादात्मक परिस्थितीवाचून, पुढच्या बाजूस शोधदीप बसविण्यास मनाई करतो. म्हणजे टपावर आणि बंपरवर आडव्या पट्ट्यांसारखे दिवे लावून जी वाहने आपल्या लग्नसराईत मिरवितात, त्यांची वाट या नियमाने बंदच केलेली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करण्यास प्रतिबंध करते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने १८२-अ हे कलम आले. सुटे भाग बसवून नियमबाह्य बदल करणाऱ्या वाहनमालकाला त्यान्वये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

त्याच कलमात, सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून अधिसूचित झालेला परंतु नियमात न बसणारा सुटा भाग जो विकेल त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड सांगितलेला आहे, ही गोष्ट मुद्दाम अधोरेखित करण्यासारखी आहे. कायद्याने विक्रेत्याचा अपराध ग्राहकाच्या अपराधाच्या वीसपट मानला. व्यवहारात काय दिसते? रस्त्यावर अडविला जातो तो मोटारसायकलवाला, आणि दुकानाच्या दर्शनी कपाटात तो बल्ब 'ऑफ रोड वापरासाठी' अशी बारीक अक्षरे असलेल्या खोक्यात मांडलेला राहतो. यावलच्या बाजारात ऑफ रोड वापरासाठी मोटारीचे बल्ब नेणारे गिऱ्हाईक कोण, हे त्या खोक्यावर छापणाऱ्यालाच विचारले पाहिजे.

मग ज्याला खरोखर अधिक उजेड हवा आहे त्याने काय करावे? या प्रश्नाला टाळून नियमांचा पाढा वाचण्यात अर्थ नाही. सुदैवाने त्याचे उत्तर स्वस्त आहे. बहुतेक जुन्या वाहनांचा उजेड कमी असतो तो बल्ब कमजोर असतो म्हणून नव्हे, तर दिव्याची निगा राखलेली नसते म्हणून. प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडलेली असते. खानदेशच्या उन्हात तर ती लवकरच पडते. ती घासून स्वच्छ करून घेतली, किंवा फारच गेली असेल तर त्याच मॉडेलचा प्रमाणित दिवा बदलला, तरी पहिल्याच रात्री फरक दिसतो. दुसरी गोष्ट व्होल्टेजची. तारेच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नव्हे तर त्याहून फार झपाट्याने घटतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. गंजलेले अर्थिंग, सैल पडलेला होल्डर, जुनाट वायर यांत हे दहा टक्के सहज नाहीसे होतात. जुन्या मोटारीत जाड वायर आणि रिले बसवून बॅटरीचा पूर्ण दाब दिव्यापर्यंत पोचविला, तर त्याच ६०/५५ वॉटच्या बल्बातून नवा उजेड मिळतो, दिव्याच्या मूळ रचनेत ढवळाढवळ न होता. हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. संगणकाने नियंत्रित होणाऱ्या नव्या मोटारींत तर ते कंपनीच्या सेवा केंद्राबाहेर करूच नये.

तिसरी गोष्ट दिव्याच्या रोखाची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. सपाट जमिनीवर, भिंतीपासून दहा मीटर अंतरावर मोटार उभी करावी. टायरमध्ये हवा योग्य असावी, चालकाच्या जागी एक माणूस बसलेला असावा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून ती भिंतीवर खडूने आखावी. खालच्या उजेडाची वरची कडा त्या रेषेच्या साधारणतः दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. नेमका आकडा वाहनाच्या पुस्तिकेत वा बोनटखालच्या पट्टीवर दिलेला असतो. ती वर पडत असेल तर दिव्यामागचा स्क्रू फिरवून खाली घ्यावी. दहा मिनिटांचे काम आणि खडूचा एक तुकडा! मागे ओझे भरले की वाहनाचे नाक वर उठते आणि झोत आभाळाकडे जातो. त्यासाठी पुष्कळ मोटारींत चालकाजवळ शून्य ते तीन आकड्यांची एक लहान चकती असते. तिचा उपयोग काय, असे मी ओळखीच्या सात-आठ मोटारमालकांना विचारले. एकालाही सांगता आले नाही.

इतके करूनही ज्याला एल.ई.डी.चाच दिवा हवा असेल त्याने बल्ब न बदलता, त्या मॉडेलसाठी उत्पादकाने दिलेला आणि प्रमाणित झालेला संपूर्ण दिवा मिळतो काय, याची चौकशी करावी, आणि तो बसविण्यापूर्वी परिवहन कार्यालयाचे म्हणणे लेखी घ्यावे. मोटारींच्या दिव्यांची चाचणी करून त्यांना प्रमाणपत्र देणारी 'ए.आर.ए.आय.' ही संस्था १९६६ पासून आपल्या पुण्यातच आहे. जर्मनीत हा प्रश्न कसा हाताळला गेला ते पाहण्याजोगे आहे. तेथेही हॅलोजनच्या दिव्यात एल.ई.डी. बल्ब घालण्यास बंदी होती. २०२० च्या शरद ऋतूत त्यांनी ती सरसकट उठविली नाही. एका विशिष्ट बल्बाला, विशिष्ट मोटारींच्या विशिष्ट दिव्यांत चाचणी झाल्यावर, परवानगी दिली आणि मॉडेलांची यादी प्रसिद्ध केली. परवानगी बल्बाला नव्हती. बल्ब आणि दिवा या जोडीला होती. नव्या तंत्राला दार बंद न करता त्याला वळण लावण्याची ही रीत आपल्याकडेही अशक्य नाही.

तथापि सारा भार नागरिकाच्या विवेकावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. धुराची तपासणी आपण सर्वांवर बंधनकारक केली. प्रत्येक मोटार आणि मोटारसायकल सहा महिन्यांनी वा वर्षाने पी.यू.सी. केंद्रावर जाते, पाइपात नळी घातली जाते, कागद मिळतो. त्या तपासणीच्या गुणवत्तेविषयी वाचकांचे आपापले अनुभव असतील. पण सवय लागली हे खरे. दिव्याच्या रोखाची तपासणी मात्र व्यापारी वाहनांच्या पासिंगच्या वेळी होते. नव्या मालमोटारीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. खासगी मोटारीचा दिवा नोंदणीनंतर पंधरा वर्षांपर्यंत कोणीही पाहत नाही. मोटारसायकलचे तेच, शेतीच्या ट्रॅक्टरचेही तेच. आणि १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो आणि विझविता येत नाही. हेतू चांगला होता, दिवसाही दुचाकी दिसावी. परंतु ज्या दिव्याचा रोख चुकलेला आहे तोही आता चोवीस तास समोरच्यावर रोखलेला असतो.

झोत मोजण्याचे यंत्र म्हणजे चाकांच्या दांडीवर बसविलेली भिंगाची एक पेटी. ती पी.यू.सी. केंद्रावर ठेवणे अवघड का असावे? धूर तपासताना त्याच पाच मिनिटांत दिवा तपासावा, रोख चुकला असेल तर तेथेच स्क्रू फिरवून द्यावा आणि कागदावर एक ओळ वाढवावी. वाहनधारकाला वेगळा हेलपाटा नको, वेगळी रांग नको. प्रथम दोन वर्षे दंड न करता केवळ दुरुस्ती करावी. नियमबाह्य बल्ब सापडला तर तो कोठून घेतला याची नोंद करावी, म्हणजे कायद्याचा रोख एक लाखाच्या कलमाकडेही वळेल. या कामात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकणाऱ्या मुलांना घेता येईल. त्यांना हात बसविण्यास काम मिळेल, आणि पुढे गॅरेज काढतील तेव्हा गिऱ्हाईक 'पांढरा बल्ब टाका' म्हणाले तर 'आधी भिंतीसमोर लावा' असे म्हणणारी एक पिढी तयार होईल.

ट्रॅक्टरचा उल्लेख आला आहे तर आणखी एक गोष्ट. रात्री नांगरताना मागचे दिसावे म्हणून ट्रॅक्टरच्या पाठीशी पांढरा दिवा असतो. शेतातून रस्त्यावर आल्यावर तो विझविण्याची आठवण राहात नाही, आणि मागून येणाऱ्याला वाटते की समोरून वाहन येत आहे. मागील बाजूस तांबड्याखेरीज अन्य उजेड असू नये, असा १०८ वा नियम आहेच. उलट ट्रॉलीच्या मागे काहीच नसते, ना दिवा ना चमकणारी पट्टी. बैलगाडीचीही तीच अवस्था. पायी चालणाऱ्या पावरा-तडवी बंधूंच्या अंगावर तर अंधाराच्याच रंगाचे कांबळे असते. ज्यांच्याजवळ उजेडच नाही अशी ही माणसे दुसऱ्याच्या डोळ्यांच्या भरवशावर रस्त्याने चालतात. समोरून येणाऱ्या पांढऱ्या झोताने ज्याचे डोळे जातात त्याच्या डाव्या हाताला नेमका यांपैकीच कोणीतरी असतो. अपघाताच्या पंचनाम्यात त्या दोघांची नावे येतात. उजेडवाला तोवर चोपड्याच्या पुढे गेलेला असतो.

माझे दोन पांढरे बल्ब मी काढून टाकले. मूळचे बल्ब पुन्हा बसविले, काचा घासून घेतल्या, अर्थिंगची वायर बदलली आणि महाविद्यालयाच्या मागच्या भिंतीवर खडूने रेघ ओढून दिवे लावून पाहिले. उजवा दिवा रेघेच्या हातभर वर निघाला. कधीतरी बंपर बदलताना तो हललेला असावा. म्हणजे मूळच्या बल्बांनिशीही मी कित्येक महिने लोकांच्या डोळ्यांवर दिवा धरून हिंडत होतो. ती रेघ शिपायाला पुसू नको म्हणून सांगितले आहे. आतापर्यंत सहकाऱ्यांच्या पाच मोटारी आणि विद्यार्थ्यांच्या अकरा मोटारसायकली तिच्यासमोर उभ्या राहून गेल्या. रोख बरोबर असलेल्या त्यांत चार निघाल्या. रस्ता सुरक्षा महिना जानेवारीत येतो, त्यात शिरस्त्राणावर व्याख्याने होतात, ती व्हावीतच. येत्या जानेवारीत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने तालुक्याच्या प्रत्येक बसस्थानकाच्या मागील भिंतीवर अशी एक रेघ आखून द्यावी आणि आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे एक जाणता मेकॅनिक बसवावा. केळीचे भाव पडलेले असोत की चढलेले, एवढा खर्च जिल्ह्याला झेपण्यासारखा आहे.